लॅपटॉपचं व्होल्टेज उतरवणे : एप्रिल ते जून २०२४ च्या नोंदी

३ एप्रिल, बुधवार

दुपारचे तीन. खोलीतला थर्मामीटर ३८ दाखवतोय आणि अजून चैत्रही लागलेला नाही. लॅपटॉपचा पंखा दुपारभर असा ओरडतोय की खालच्या मजल्यावरची काकू विचारून गेली, मिक्सर चालू राहिलाय का म्हणून.

काम काय ते आधी लिहून ठेवतो. सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यासाठी मी ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये टॉवेलची चित्रं करून देतो. माल विणायच्या आधीच परदेशातल्या गिऱ्हाइकाला टॉवेल कसा दिसेल ते दाखवायचं असतं. टेरीचा एकेक लूप वेगळा धागा म्हणून उभा करावा लागतो, त्याशिवाय तो टॉवेल वाटत नाही, सतरंजी वाटते. इतके धागे माझ्या जीटीएक्स १०५० टीआय या ग्राफिक्स कार्डाच्या ४ जीबी मेमरीत मावत नाहीत, म्हणून सगळं रेंडर, म्हणजे चित्र तयार करणं, प्रोसेसरवर. प्रोसेसर इंटेलचा आय७-८७५०एच, सहा कोर, बारा थ्रेड, ४५ वॅटचा. सहाही कोर एकदम पळाले तर कमाल ३.९ गिगाहर्ट्‌झ, एकटाच पळाला तर ४.१.

प्रत्यक्षात आज काय मिळालं? एचडब्ल्यूइन्फो हे तापमान-वेग दाखवणारं साधन लावून बघितलं. तापमान ९७-९८ अंश, वेग २.५ गिगाहर्ट्‌झ. या चिपची मर्यादा १०० अंश. तिथं पोचायला लागली की ती स्वतःच पाय मागे घेते. एका फ्रेमला, म्हणजे एका चित्राला, २४ मिनिटं. सिनेबेंच आर२३ ही वेगाची चाचणी दहा मिनिटं चालवली, गुण ४,७०० च्या घरात.

ठरवलं ते असं : प्रोसेसरला कंपनीने दिलेलं व्होल्टेज थोडं खाली आणायचं. प्रत्येक चिप वेगळी निघते आणि कारखान्यात ठरवलेलं व्होल्टेज सगळ्यात अशक्त चिपलाही पुरेल असं ठेवतात. म्हणजे बहुतेकांच्या चिपमध्ये थोडी शिल्लक असते. ती किती हे मोजूनच कळणार. एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदल इथं लिहायचा. कामाच्या सगळ्या फाइली आज रात्री बाहेरच्या डिस्कवर. व्होल्टेज कमी केल्याने चिप जळत नाही, पण हिशेब चुकू शकतो, आणि चुकलेला हिशेब फाइलीत जाऊन बसला तर तो बाहेरून दिसत नाही.

७ एप्रिल, रविवार

व्होल्टेजला अजून हात लावलेला नाही. आधी झाडलोट.

मागचं झाकण उघडलं, पहिल्यांदा बॅटरीचं कनेक्टर काढलं. पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मधे कापसाच्या लवेची चक्क गादी तयार झाली होती. एका चिमटीत अख्खी निघाली. मागावर काम केलेल्या अण्णांना दाखवली तर म्हणाले, "आमच्या मागाखाली रोज निघायची असली." लॅपटॉप महिन्यातून चार वेळा कारखान्यात जातो, तिथल्या हवेचा परिणाम. पंख्याचं पातं बोटाने धरून ब्रशने झाडलं. ब्लोअरने मोकळं फिरवलं तर बेअरिंग जातं, हे मागच्या लॅपटॉपच्या वेळी शिकून झालंय. जुनी थर्मल पेस्ट वाळून खपली झाली होती, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावली.

जोडून चालवलं. खोली तेवढीच, ३८. तापमान ९१. वेग ३.० गिगाहर्ट्‌झ. सिनेबेंच ५,७००. फ्रेम २० मिनिटांत.

निव्वळ कचरा काढून हजार गुण! जे लोक पहिल्या दिवशीच व्होल्टेजच्या मागे लागतात त्यांनी आधी एक स्क्रू ड्रायव्हर घ्यावा.

थ्रॉटलस्टॉप या प्रोसेसर आवरायच्या साधनात लिमिट रीझन्स नावाची खिडकी आहे. परवा तिथं 'थर्मल' लाल होतं, आज 'पीएल१' लाल आहे. म्हणजे आता उष्णता अडवत नाही, ४५ वॅटची विजेची मर्यादा अडवते आहे. याचा अर्थ मला आज नीट लागलेला नाही. (नंतरची भर : पुढच्या रविवारी लागला.)

९ एप्रिल, पाडवा

काम बंद. श्रीखंडानंतर झोप यायच्या आत वाचलं तेवढं : २०१९ च्या डिसेंबरात प्लंडरव्होल्ट नावाची फट जाहीर झाली. बर्मिंगहॅम, ग्राझ आणि ल्युवेन इथल्या विद्यापीठांतल्या संशोधकांनी दाखवलं की सॉफ्टवेअरमधून व्होल्टेज मुद्दाम पाडून प्रोसेसरच्या एसजीएक्स या राखीव कप्प्यातला हिशेब चुकवता येतो आणि त्यातून गुपितं काढता येतात. त्यानंतर बऱ्याच लॅपटॉपच्या बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममध्ये, व्होल्टेजची कळ कुलूपबंद झाली. हल्ला करायला मशीनवर अ‍ॅडमिनचा ताबा आधीच असावा लागतो. मी एसजीएक्स वापरत नाही, बायॉसमध्ये ते बंद करून टाकलं.

१२ एप्रिल, शुक्रवार

माझ्या लॅपटॉपला कुलूप नाही. थ्रॉटलस्टॉपच्या एफआयव्हीआर या व्होल्टेजच्या खिडकीत 'लॉक्ड' असं काही दिसत नाही. विंडोजमधली मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय आधीपासून बंदच होती. ती चालू असती तर हे साधन व्होल्टेजपर्यंत पोचलंच नसतं. ज्यांच्या लॅपटॉपवर बाहेरची माणसं येऊन काय काय उघडतात त्यांनी ती बंद करायच्या आधी दोनदा विचार करावा.

'सीपीयू कोअर' निवडून उणे ५० मिलिव्होल्ट मागितलं. मिळालं उणे ४९.८. पायऱ्या एका व्होल्टच्या १०२४ भागांच्या हिशेबाने असतात, म्हणून गोल आकडा मिळत नाही. ठीक.

आणि फरक शून्य. तापमान तेच, वेग तोच, व्होल्टेजही तेच. उणे ७०, उणे ८० केलं, काही नाही. दोन तास गेले. विंडोजवर संशय घेतला, मग बायॉसवर, मग स्वतःच्या डोळ्यांवर. शेवटी कळलं की या पिढीत कोर आणि कॅशे (चिपमधली झटपट मेमरी) एकाच विजेच्या वाहिनीवर असतात, आणि दोघांपैकी जो जास्त मागतो त्याचं ऐकलं जातं. मी कोरचं कमी केलं होतं, कॅशेचं तसंच होतं. एकाच नळावर दोन भाडेकरू, एकाने तोटी बारीक केली म्हणून काय होणार?

आज इथंच थांबतो. डोकं तापलंय, लॅपटॉपपेक्षा जास्त.

१४ एप्रिल, रविवार

आंबेडकर जयंती. रात्री मिरवणुकांचे आवाज दूरवरून येतायत, पंख्याचा आवाज त्यात बुडाला. चांगलंच आहे.

कोर आणि कॅशे दोन्ही एकत्र. उणे ४९.८, मग उणे ७०.३, मग उणे ८०.१, मग उणे ९९.६. प्रत्येक पायरीवर दहा मिनिटं सिनेबेंच. खिडकीत 'ओके - डू नॉट सेव्ह व्होल्टेजेस' निवडलेलं, म्हणजे मशीन पडलंच तर रीस्टार्टनंतर सगळं मूळ पदावर. हे विसरायचं नाही. आकडा सेव्ह करून आणि विंडोजबरोबर आपोआप सुरू करून ठेवला आणि तो चुकीचा निघाला, तर मशीन चालू होतं, पडतं, परत चालू होतं, परत पडतं.

उणे ९९.६ ला सिनेबेंच ६,२५०. वेग ३.३ गिगाहर्ट्‌झ. फ्रेम १८ मिनिटं.

तापमान मात्र ९१. जसंच्या तसं! व्होल्टेज कमी केलं की थंड होतं असं सगळीकडे सांगतात, आणि माझं एक अंशही उतरलं नाही. पेस्ट चुकली का, सेन्सर बिघडला का, असं करत अर्धा तास घालवला. मग ती 'पीएल१' ची लाल पट्टी परत दिसली आणि ट्यूब पेटली. प्रोसेसरला ४५ वॅट खायची परवानगी आहे. व्होल्टेज कमी झालं, तेवढ्याच वॅटमध्ये त्याला जास्त पळता आलं, तो पळाला. ४५ वॅट खाल्ले की ४५ वॅटचीच उष्णता. बचत झाली होती, फक्त ती त्याने वेगात खर्च केली.

१८ एप्रिल, गुरुवार

तर गारवा हवा असेल तर वॅटच कमी करायला हवेत. आज कागदावर मांडलं.

प्रोसेसरची वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३.० गिगाहर्ट्‌झला माझी चिप मूळ स्थितीत साधारण ०.९५ व्होल्ट घेते. शंभर मिलिव्होल्ट काढले तर ०.८५. भागाकार ०.८९५, त्याचा वर्ग ०.८०. म्हणजे तोच वेग ठेवला तर ४५ च्या जागी ३६ वॅट. आणि ४५ वॅटला तापमान खोलीपेक्षा ५३ अंश वर जात होतं, तर ३६ ला ४२ अंश वर जावं. ३८ अधिक ४२, ऐंशी.

पीएल१ ३६ वर बांधला आणि चालवलं. वेग २.९५ ते ३.०, तापमान ८०-८१. कागदावरचं गणित पडद्यावर इतकं बरोबर उतरताना दहावीनंतर पहिल्यांदा बघितलं. (चिपमधून जी वीज नुसतीच झिरपत असते तिला हे सूत्र लागू नाही, म्हणून थोडं इकडेतिकडे होणारच.)

म्हणजे आता दोन टोकं हातात आहेत : ४५ वॅटला ३.३ आणि ९१ अंश, किंवा ३६ वॅटला ३.० आणि ८० अंश. मधलं काहीतरी घेऊ. ३८ वॅट ठेवतो.

२१ एप्रिल, रविवार

आज हाव सुटली. हाच प्रोसेसर असलेले लोक उणे १५० चे आकडे मिरवतात. उणे १२५.० केलं. सिनेबेंचच्या तीन फेऱ्या पास. दोन तास रेंडर, पास. ३८ वॅटमध्ये ३.२ गिगाहर्ट्‌झ.

झालं. प्रकल्प संपला.

२४ एप्रिल, बुधवार

वरचं 'झालं' खोडत नाही, असू दे.

सकाळी उठून बघितलं तर पडदा गोठलेला. घड्याळ २:४१ वर थांबलेलं. रात्री काहीही चालू नव्हतं. ना रेंडर, ना ब्राउझर. भाराखाली तीन तास उभा राहिलेला गडी झोपेत मेला.

कारण नंतर लक्षात आलं. हा उणे आकडा फक्त वरच्या वेगाला लागत नाही, सगळ्या वेगांना लागतो. रिकाम्या वेळी चिप मुळातच कमी व्होल्टेजवर असते, त्यातूनही मी १२५ काढले. सिनेबेंचने ती बाजू कधी तपासलीच नव्हती.

विंडोजची नोंदवही, इव्हेंट व्ह्यूअर, उघडला. 'डब्ल्यूएचईए-लॉगर', इव्हेंट १९, करेक्टेड हार्डवेअर एरर. एक नाही, रांग. प्रोसेसरने स्वतःच पकडून दुरुस्त केलेल्या चुका. आणि पहिली नोंद कधीची? २१ तारखेची दुपार. मी 'प्रकल्प संपला' लिहिलं त्याच्या चाळीस मिनिटं आधीची.

दुपारी कारखान्यातून मालकांचा फोन. सोमवारी पाठवलेली झिप उघडत नाही, सीआरसी एरर, म्हणजे फाइल बिघडल्याची खूण, येते. माझ्याकडच्या प्रतीतही तीच चूक. व्होल्टेज मूळ स्थितीत आणून तीच फोल्डर पुन्हा झिप केली, नीट उघडली. व्होल्टेजमुळेच झालं हे कोर्टात सिद्ध करता येणार नाही, पण मला कोर्टात जायचं नाही. रविवारपासून जे जे सेव्ह केलं ते सगळं टाकून दिलं, बाहेरच्या डिस्कवरून शनिवारची प्रत घेतली. तीन दिवसांचं काम गेलं. मालकांना म्हटलं, नेटमुळे झालं असेल. खोटं बोललो.

२८ एप्रिल, रविवार

नवी तपासणी. सिनेबेंच आता फक्त वेग मोजायला. भरवसा बघायचा असेल तर प्राइम९५ हा प्रोग्राम, त्यातली स्मॉल एफएफटी चाचणी. तो मोठ्या संख्यांची गणितं करतो आणि उत्तर अपेक्षित पल्ल्यात आहे का हे स्वतःच तपासत राहतो. भारही सगळ्यात जड टाकतो, कारण त्यात एव्हीएक्सच्या (एका वेळी अनेक आकडे हाताळणाऱ्या) सूचना असतात. मुद्दाम दुपारीच लावला. खोली ४०. तापलेल्या चिपला तोच वेग धरायला थोडं जास्त व्होल्टेज लागतं, तेव्हा परीक्षा उन्हातच घेतलेली बरी.

उणे ९९.६. मनात धरून चाललो होतो की हा आकडा पक्का आहे.

पाऊण तास ठीक. तेवढ्यात पाणी आलं. पाच दिवसांनी आलेलं पाणी, त्यासमोर प्राइम९५ ची काय किंमत. मोटर लावली, टाकी, पिंप, बादल्या, कळशा सगळं भरून वर आलो तर एक वर्कर, म्हणजे त्याच्या समांतर कामांपैकी एक, थांबलेला : राउंडिंग ०.५, अपेक्षा ०.४ पेक्षा कमीची. बाकीचे वर्कर निवांत चालू. ना निळा पडदा, ना गोठणं. मी समोर बसलो असतो तरी लॅपटॉप बघून काही कळलं नसतं.

म्हणजे १४ तारखेपासूनचा माझा 'पक्का' आकडाही कच्चाच होता.

उणे ८९.८ करून रात्रभर लावला.

२९ एप्रिल, सोमवार

सकाळी सात. आठ तास, एकही चूक नाही. इव्हेंट व्ह्यूअर कोरा.

२ मे, गुरुवार

अण्णांना हे सगळं सांगितलं. ते तीस वर्षं मागावर जॉबर होते, माग लावून देणं हेच काम. व्होल्टेज वगैरे त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "ताण्याचा ताण आहे की तो. जास्त ठेवला तर सूत तुटतंय. कमी ठेवला तर तोंड (उभ्या सुतांमधली वाट) नीट उघडत नाही, धोटा मधेच अडकतोय. आणि ते पहिल्या हातभर कापडात दिसत नसतंय."

"मग तुम्ही कुठं ठेवायचात?"

"अडकायला लागला की तिथनं परत ओढायचं. बरं चालतंय म्हणून तिथंच सोडायचं नाही. सकाळी सूत वेगळं, दुपारी वेगळं."

मी विचारलं, परत म्हणजे किती. म्हणाले, हाताला कळतंय. माझ्या हाताला मिलिव्होल्ट कळत नाहीत, म्हणून दहा ठरवले. ८९.८ चालतंय, तर ८०.१ वर बांधायचं.

याची किंमतही मोजली. या दहा मिलिव्होल्टसाठी ३८ वॅटमध्ये जेमतेम ३० मेगाहर्ट्‌झ गेले. एका फ्रेममागे दहा-पंधरा सेकंद.

७ मे, मंगळवार

मतदान. सकाळीच लवकर जाऊन बोटाला शाई लावून आलो, नंतर उन्हात बाहेर पडायची सोय नव्हती. खोली ४१, कूलर असून. कूलरची दमट हवा लॅपटॉपवर सोडायची नाही, म्हणून टेबल दुसऱ्या भिंतीला.

उणे ८०.१, ३८ वॅट. चौदा फ्रेम एका दमात. तापमान ८५-८६, वेग ३.०, फ्रेमला वीस मिनिटं. एप्रिलच्या सुरुवातीला खोली तीन अंशांनी गार असताना हाच लॅपटॉप ९८ वर होता आणि फ्रेमला २४ मिनिटं घेत होता. पंखा चालू आहे पण काकू वर आली नाही.

संध्याकाळी झोपवणं-उठवणं वीस वेळा केलं, झाकण लावून, उघडून. बॅटरीवर, मग चार्जरवर. दोन दिवस रात्री नुसता चालू ठेवणार आहे, काहीही न करता. २४ तारखेचा धडा.

१२ मे, रविवार

मित्र त्याचा लॅपटॉप घेऊन आला, बाराव्या पिढीच्या प्रोसेसरचा. "माझंबी करून दे की बे, तुझं लय गार झालंय म्हणं." त्याच्या बायॉसमध्ये कुलूप. बायॉसचे दडलेले पत्ते बदलून ते उघडायच्या युक्त्या असतात, पण एक पत्ता चुकला तर मदरबोर्ड मेला. मी नाही करणार म्हटलं. त्याऐवजी पॉवर प्लॅनमध्ये प्रोसेसरची कमाल स्थिती १०० वरून ९९ टक्के केली. टर्बो, म्हणजे वरचा वेग, बंद होतो, तापमान धाडकन खाली येतं. त्याला टॅली आणि पिक्चर एवढंच करायचं असतं, टर्बो गेल्याचं त्याला कळलंही नाही. झाडलोट मात्र दोघांच्याही लॅपटॉपची करून घेतली, त्याच्या पंख्यात शेंगदाण्याचं अख्खं फोल निघालं. विचारलं नाही.

१९ मे, रविवार

बारा दिवस. इव्हेंट १९ शून्य. गोठणं शून्य. रोजच्या कामाची झिप आता सेव्हन-झिपने केल्यावर लगेच 'टेस्ट' चालवतो, मगच पाठवतो. ती सवय व्होल्टेज मूळ असतं तरी लागायला हवी होती.

मालकांना २४ एप्रिलची खरी गोष्ट सांगितली. त्यांना त्यातलं फक्त 'लॅपटॉपचं करंट कमी केलं' एवढं समजलं. म्हणाले, "बिल कमी येतं का मग?"

२ जून, रविवार

काल रात्री वळवाचा पाऊस. खोली ३१. त्याच मांडणीत तापमान ७५.

आज पहिल्यांदा आकडा सेव्ह केला. थ्रॉटलस्टॉप टास्क शेड्यूलरमधून सुरू होईल, पण लॉगिननंतर दोन मिनिटांनी. उद्या काही बिघडलं तर तेवढ्या वेळात मला ते बंद करता यावं म्हणून. झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवली : कोर व कॅशे उणे ८०.१, पीएल१ ३८ वॅट, पेस्ट एप्रिल २०२४. अंतर्गत ग्राफिक्सच्या व्होल्टेजला हात लावलेला नाही.

बायॉसचं नवं अपडेट आल्याची सूचना खालच्या कोपऱ्यात आहे. ते घेतलं तर कुलूप लागण्याची शक्यता आहे. आज घेत नाही. पण बँकेची आणि जीएसटीची कामं या लॅपटॉपवरून बंद केली, ती घरातल्या दुसऱ्या मशीनवर.

दुपारी मालकांचा फोन. गिऱ्हाइकाला टॉवेलचा काठ निळा नको, मोरपंखी हवाय. चौदाही फ्रेम पुन्हा लावल्या.